चारमिनारकडे पाठ

हैदराबादला गेल्यावर चारमिनारकडे पाठ करून उभं राहायचं, हा मामांचा पहिला नियम होता.

"वर पाह्यलं की मेलास," ते म्हणायचे. "मान वर झाली की दुकानदाराला कळतं, हे पाव्हनं हाय. मंग भाव दुप्पट. आपुन खाली पाहायचं, चपला पाहत चालायचं. जनू हितंच राहतोत आन या गावाला कंटाळून गेलोत."

हा नियम आमच्या बीडकडच्या नेकनूर भागात इतका कडक पाळला गेला की लग्नाच्या खरेदीसाठी चार-चारदा हैदराबादला जाऊन आलेली माणसं आहेत, पण चारमिनारला मिनार किती हे त्यांना नावावरूनच माहीत. माझ्या काकूंना तिथल्या रस्त्यावरच्या गटाराची झाकणंसुद्धा ओळखू येतात. मिनार विचारले तर म्हणतात, "असतील की वर."

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. माझे मामा म्हणून मग सगळ्या गल्लीचे मामा आणि हळूहळू गावाचेच. एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं हैदराबादच्या गाडीवर काढली. मुक्काम तिकडे पडायचा. परतीची गाडी सुटेपर्यंत बाकीचे कंडक्टर झोपा काढायचे आणि हे पत्थरगट्टीला, म्हणजे चारमिनारजवळच्या कापडबाजारात, एखाद्या दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसायचे. घ्यायचं काहीच नाही, फक्त बसायचं. निवृत्त होईपर्यंत हैदराबादेत खरेदी कशी करावी या विषयातले ते आमच्याकडचे एकमेव तज्ज्ञ झाले होते. ते तज्ज्ञ आहेत हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, हा भाग वेगळा.

अंगाने काटकुळे, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शर्टाच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा कायम. निवृत्तीला आपला सरकारी चिमटा जमा केला आणि दुसऱ्याच आठवड्यात हैदराबादच्या जुन्या बाजारातून तसलाच एक आणला. "ह्यो सरकारी न्हाई, घरचा हाय," असं लोकांनी न विचारताही सांगायचे. बोलताना मुद्दा संपला की चिमटा टकटक वाजवायचे. जेवण झालं की टकटक, मामींना चहा पाहिजे असला की टकटक. मामी त्या आवाजाला कधी उठल्याचं मी पाहिलं नाही.

हैदराबादला गेलेला आमच्याकडचा माणूस बाजारात अडला की मामांना फोन करायचा. मामा नेकनूरच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसून त्याला रस्ता दाखवायचे, फोन स्पीकरवर टाकून, म्हणजे टपरीवरच्या लोकांनाही शिकायला मिळावं.

"आता कुटं हुबा हायस? बरं. कबाबाचा वास येतोय का? येतोय म्हंतोस? मंग तिकडं जाऊ नको, तिकडं लोकं पैसे घेऊन जातेत आन पोट घेऊन येतेत. वासाकडं पाठ कर. केलीस? आता चाल. आरं, वर पाहू नकोस बे, मला हितून कळतंय तू वर पाह्यलास."

आणि पलीकडून तो गडी खरंच विचारायचा, "मामा, तुमाला कसं कळलं?"

मोती घेताना तो दाताला घासून बघायचा, खरखर लागला तर खरा, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मामांनी ही परीक्षा अशी चालवली होती की एकदा मोत्याच्या दुकानात ते इतका वेळ दात घासत बसले की दुकानदाराने घाबरून दुसरा मोती पुढे केला. मामांचे दात तंबाखूचे. पहिला मोती तोंडातून बाहेर आला तेव्हा त्याचा रंग पोवळ्याकडे झुकला होता. "हे पाहा, रंग सोडतोय," मामा म्हणाले आणि नाराज चेहऱ्याने उठून गेले.

त्यांचं अर्धं ज्ञान शिळं झालेलं होतं हेही सांगायला हवं. ते ज्या हैदराबादचा रस्ता दाखवायचे त्यातलं निम्मं आता जागेवर नव्हतं. घड्याळवाल्याच्या कोपऱ्यावरून उजवीकडे, असं म्हणायचे. तिथे घड्याळवाला नसायचा, मोबाइलच्या कव्हरांचं दुकान असायचं. मामा त्या दुकानात जाऊन घड्याळवाल्याची चौकशी करायचे. मुलगा म्हणायचा, असं कोणी इथे नव्हतं. बाहेर येऊन मामा आम्हाला सांगायचे, "नवीन हाय पोरगं, त्याला म्हायती न्हाई." रस्ता चुकला असं त्यांनी आयुष्यात कबूल केलं नाही. फार झालं तर म्हणायचे, "गाडीचा रूट बदललाय."

मामांना खरं बोलावणं यायचं ते बस्त्याला. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला एकाच दुकानात बसतात, तो बस्ता. ज्यांच्यावर तो बेतलाय त्यांना मी काय सांगू. नवरीचा शालू, नवरदेवाचा कोट आणि मग मानाच्या साड्या. कोणत्या आत्याला कोणती, कोणत्या मावशीला कोणती, तिची जरा भारी, हिची जरा हलकी. देण्याघेण्याची बोलणी झालेली असतात, साखरपुडा झालेला असतो, पत्रिका छापायला गेलेली असते, आणि लग्न मोडतं ते या गादीवर. एका बाजूचा कर्ता माणूस गादीवरून उठला की संपलं. मग कोणी कितीही हातपाय जोडा, उठलेला माणूस परत बसत नाही. बसला तर त्याची मान खाली जाते.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न असंच मोडलं होतं. बस्ता बीडलाच होता, मामांना नेलं नव्हतं. तिच्या होणाऱ्या सासूच्या बहिणीला साडी पसंत पडली नाही, शब्दाला शब्द लागला आणि काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यानंतर बरीच वर्षं बहिणीचं कुठे जमलं नाही. ती आमच्या घरी यायची तेव्हा आई साड्यांचं कपाटसुद्धा उघडायची नाही.

मामांना का नेलं नव्हतं? कारण मामांबरोबर बस्त्याला गेलेली माणसं परत आली की पहिलं काम मामांना शिव्या घालायचं करत. मामांनी घोळ केला, नाक कापलं, भलतंच गळ्यात मारत होते, थोडक्यात वाचलो. नवरीकडचेही हेच म्हणत आणि नवऱ्याकडचेही. ऐकणारा म्हणायचा, या माणसाला परत कोणी विचारणार नाही. तरी पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी यायचंच, टपरीवर बसायचं, चहा सांगायचं आणि हळूच म्हणायचं, "मामा, आमच्या पोरीचा बस्ता हाय."

माझं लग्न ठरलं आष्टीच्या मुलाशी. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत आम्ही फोनवर इतकं बोललो की मला पाणबुडी मोटार कशाने जळते ते कळायला लागलं आणि त्याला फॉल-पिको म्हणजे काय ते. मी तेव्हा शिवणकाम शिकत होते. खरं सांगायचं तर मला तोच हवा होता. घरात असं बोलून दाखवायची पद्धत नाही, पण आईला कळलेलं होतं. बस्ता हैदराबादला करायचा असं त्यांच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या बहिणीने, फर्मान काढलं तेव्हा आई अण्णांना म्हणाली, "काही करा, पण त्याला संगट घ्या." अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "तो समदं खराब करील." आई म्हणाली, "करू द्या."

आई असं का म्हणाली ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन्हीकडच्या माणसांना मिळून एकच क्रूझर केली, ही मामांची अट. बसायची जागा तेच देणार. एक इकडचा, एक तिकडचा, पुन्हा एक इकडचा. माझ्या काकू आणि आत्याबाई मांडीला मांडी लावून बसल्या आणि केजपासून लातूरपर्यंत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी आणि नवरदेव दोन टोकांना. उदगीर ओलांडल्यावर मामांनी चिमटा वाजवला आणि सूचना दिल्या.

"बायांनी ध्यान देऊन ऐकायचं. दुकानात साडी आवडली तर त्वांडानं बोलायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. साडीकडं पाहायचं बी न्हाई. जिला मनापासून आवडली तिनं पानी मागायचं. निस्तं पानी मागायचं. मी काय ते समजून घेतो आन सौदा करतो. दुकानदाराच्या बापाला बी कळनार न्हाई."

आत्याबाई म्हणाल्या, "आन तहान लागली तर?"

"तहान गाडीतच मारून घ्या," मामा म्हणाले.

शहराच्या तोंडाशी ड्रायव्हर गाडी आत घालायला तयार होईना, म्हणून आम्ही मियापूरला उतरून मेट्रो धरली. मामांनी ती कधी पाहिली नव्हती. त्यांनी डबा पुढून मागून नीट न्याहाळला. गाडीत कंडक्टर नाही हे लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा झाला. वरून बाईचा आवाज तेलुगूत स्टेशनांची नावं सांगत होता. मामांना तो अपमान सहन झाला नाही. दाराशी उभे राहिले, चिमटा काढला आणि खांबावर टकटक केलं.

"पुढं सरका. दरवाज्यात गर्दी करू नका. उतरनाऱ्यांनी आधी पुढं या."

आणि लोक सरकले. मराठी कळलं नसेल, पण तो आवाज कुठल्याही भाषेतल्या प्रवाशाला कळतो. एका कॉलेजच्या मुलाने तर उठून माझ्या आईला जागा दिली. पुढच्या स्टेशनावर गार्ड आला आणि मामांना विचारायला लागला की आप कौन. मामांनी चिमटा खिशात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "ड्यूटी खतम."

माझे सासरे तेव्हा पहिल्यांदा हसले. मग आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते थांबले.

दुकान पत्थरगट्टीतलंच. चिंचोळा जिना चढून वर गेलं की पांढऱ्या गाद्या, भिंतीला छतापर्यंत साड्या आणि मधोमध दाढी पिकलेले मालक. मामा त्यांना चाचा म्हणायचे. "आओ कंडक्टर साब, कां थे इत्ते दिन?" चाचांनी विचारलं. मामांनी एवढंच सांगितलं, "पाव्हने आये हैं. दोनो बाजू के." त्यावर चाचांनी मान डोलावली आणि माणसाला चहा आणायला सांगितला.

शालूपर्यंत पोचायच्या आधीच बिनसलं. मानाच्या साड्यांवरून. आमच्या बाजूने त्यांच्या बायकांसाठी ज्या साड्या बाजूला काढल्या होत्या, त्यातली एक आत्याबाईंनी दोन बोटांत उचलून धरली.

"ही? आमच्यात असली फरशी पुसायला बी घेत न्हाईत."

"मंग फरशी लई भारी दिसती तुमची," काकू म्हणाल्या.

सासूबाई म्हणाल्या की लहान तोंडी मोठं बोलू नये. काकू म्हणाल्या, त्या लहान नाहीत. सासरे म्हणाले, "बायांचं बायांत राहू द्या, पन मान राखून बोला." अण्णा म्हणाले, "मान आमी राखलाच हाय. गाडीत बसल्यापून तुमीच मोजायलात आमाला." मग सासऱ्यांनी साखरपुड्यातल्या जेवणाचं काढलं. अण्णांनी त्यांच्या पाहुण्यांचं काढलं. नवरदेवाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, माझाही पडला असणार. मला चुलतबहीण दिसत होती, आमच्या ओसरीवर गप्प बसलेली.

अण्णांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला.

मी आईकडे पाहिलं. आई मामांकडे पाहत होती. मामा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांची नजर आत्याबाईंवर होती. इतकं भांडून आत्याबाईंचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कुणाकडे न पाहता म्हणाल्या, "पानी आना रं कोनी तरी आधी."

टक.

"पानी मागितलं," मामा म्हणाले. "चाचा, बांधो."

सगळ्यांच्या माना वळल्या. आत्याबाईंच्या पुढ्यात कधी कुणास ठाऊक, चाचांनी एक साडी उलगडून ठेवली होती. पोपटी. पोपटानेही लाजावं असा तो पोपटी रंग, त्यावर जांभळी फुलं, आणि काठ नारिंगी.

"ह्याच समद्यांना," मामा म्हणाले. "इकडच्या बायांना बी ह्याच आन तिकडच्या बायांना बी. ना कुनाला भारी, ना कुनाला हलकी. आत्याबाईंनी पसंत केली. बिल करा, चाचा."

चाचांनी तसल्याच साड्यांचा सबंध गठ्ठा ओढून सुतळी आवळलीसुद्धा.

"आवो, मला तहान लागलती," आत्याबाई म्हणाल्या.

"पानी मागितलं का न्हाई मागितलं?"

"मागितलं, पन..."

"मंग झालं. गाडीत ठरलेलं हाय. शब्दाला काही किंमत हाय का न्हाई?"

त्यानंतर जे झालं ते मी लग्नाच्या व्हिडिओपेक्षा जास्त वेळा आठवलं आहे. आधी काकू उठल्या, मग आत्याबाई. दोघी खांद्याला खांदा लावून मामांवर तुटून पडल्या. असली साडी नेसून मांडवात हिंडायचं का? लोकं काय म्हणतील? या मानसाला कोनी आनलं? कोनी का आनंना, आधी भाईर काढा. सासऱ्यांनी चाचांना सांगितलं की हा सौदा आम्हाला मान्य नाही. चाचा म्हणाले, "बांधे सो बांधे. वापस नक्को." तेव्हा अण्णा, गुडघ्यावर हात ठेवलेले माझे अण्णा, सासऱ्यांच्या शेजारी सरकून बसले आणि म्हणाले, "आवो चाचा, ह्ये आसं कसं चालंल? आमी दोघं एका शब्दात सांगतोत तुमाला." आमी दोघं म्हणजे ते आणि सासरे.

मामांना सर्वानुमते दुकानाबाहेर काढण्यात आलं.

थोड्या वेळाने आईने मला डोळ्याने खूण केली. मी जिना उतरून खाली गेले. मामा पायरीवर बसले होते. हातात चहा, दुसऱ्या हातात उस्मानिया बिस्कीट. बिस्कीट ते निम्म्याहून जास्त चहात बुडवायचे, मनात काहीतरी म्हणत धरून ठेवायचे आणि आता तुटणार असं वाटलं की बरोबर त्याच वेळी उचलून तोंडात टाकायचे. आयुष्यात त्यांचं बिस्कीट कधी कपात पडलं नाही. चारमिनार समोरच होता. ते अर्थातच वळून, त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"काय चाललंय वर?" त्यांनी विचारलं.

"शिव्या देतायत तुम्हाला."

"कोन? तुमच्याकडचे का त्यांच्याकडचे?"

"दोन्हीकडचे."

"संगंसंगंच का येगयेगळे?"

"सगळे मिळून देतायत."

"मंग झालं," मामा म्हणाले आणि दुसरं बिस्कीट बुडवलं. "जा तू. शालू घे मनाजोगा. आत्ता कोनी आडवं येनार न्हाई."

खरंच कोणी आलं नाही. चाचांनी बरेच आढेवेढे घेऊन पोपटी गठ्ठा मागे घेतला, त्याबदली आजच्या आज बाकीची सगळी खरेदी इथेच करायची म्हणाले. पोपटीच्या धास्तीने मानाच्या साड्या चुटकीसरशी पसंत झाल्या. आत्याबाईंनी काकूंना विचारून घेतली आणि काकूंनी आत्याबाईंना. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तुला कंचा रंग पायजे बाई? तूच सांग. लई डोस्कं दुखायलंय माजं." मी वांगी रंगाचा घेतला. तो शालू अजून माझ्याकडे आहे.

निघताना चाचा पोपटी गठ्ठा फळीवर परत ठेवत होते. सुतळी जरा सैल झाली होती. मी शिवणाऱ्या हाताची, माझी नजर घडीवर गेली. घडीच्या रेघांवर रंग उडून पांढरा पडला होता. नव्या साडीला अशा रेघा नसतात. तो गठ्ठा कितीतरी उन्हाळे त्या फळीवर होता आणि कितीतरी वेळा खाली उतरून परत वर गेला होता. मी चाचांकडे पाहिलं.

"बेटी, तू सिलाई करती ना?" ते हळू आवाजात म्हणाले. "तो मुँह बी सी ले."

लग्नात मामांना कोणी टॉवेल-टोपी दिली नाही. माइकवर एकेका मानकऱ्याचं नाव पुकारत होते. आमच्या लोकांनी धरलं की त्यांचे लोक पुकारतील, त्यांनी धरलं की हे पुकारतील, आणि दोघांनाही पुकारायची इच्छा नव्हती. मला राहवेना. मुंडावळ्या बांधलेल्या असताना मी त्यांना गाठून म्हणाले की मी अण्णांना सगळं सांगते.

"येडी हायस का?" मामा म्हणाले. "मला टोपी घातली की खेळ खलास. पुढच्या पोरीच्या बस्त्याला लोकं माझ्याकडं बघून हसत बसतील. मंग चिडनार कोन?"

आणि ते पंगतीला गेले, चिमटा वाजवत, वाढप्यांना पुढं सरका म्हणत.

ते हे सगळं का करायचे ते मला मामींनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले होते, त्यांनी ओटी भरायला बोलावलं होतं. मामी फार कमी बोलतात. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता एकदम म्हणाल्या, "आमच्या बस्त्यात कोनी शान्यासारखं येडं न्हवतं बाई. माज्या आईला दिल्याली साडी माज्या बापाला हलकी वाटली. त्यो उठला. लगीन लावून दिलं कसंबसं, पन मरुस्तवर ह्या घराचा उंबरा न्हाई चढला. मी बाळंतीन झाले तवा बी न्हाई." मग भाकरी उलटून म्हणाल्या, "ह्यांच्या जिवाला लागलं ते. मला बोलून कदी न्हाई दावलं."

मला फार वाईट वाटलं. बाहेर ओसरीवरून टकटक आवाज आला, चहासाठी. मामी नेहमीप्रमाणे उठल्या नाहीत. पण त्या दिवशी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं की आवाज आला की त्या हसतात.

मामा मागल्या वर्षी गेले. दहाव्याला नदीकाठी एवढी माणसं जमली की आम्हीच चकित झालो. आष्टीपासून नांदूरघाटापर्यंतची. व्याही व्याह्याशेजारी, विहीण विहिणीशेजारी. आणि दुःख करायचं सोडून सगळे एकच बोलत होते. आमच्या बस्त्यात यानं काय घोळ घातला म्हणून सांगू. पोपटी साडी व्हती बघा. आँ, तुमच्यात बी पोपटीच? आमच्यात बी. अण्णा आणि माझे सासरे एका दगडावर बसून ऐकत होते. मग सासरे म्हणाले, "पाव्हने, आपल्याला येडं बनिवलं की ह्या मानसानं." अण्णांनी नुसती मान हलवली आणि उपरण्याने डोळे पुसले.

खेळ फुटला, असं मला वाटलं. पण लोक विसरतात, आणि दरवर्षी नवे व्याही तयार होतात.

या उन्हाळ्यात माझ्या नणंदेचा बस्ता होता. मुलगा नांदूरघाटचा. दुकान तेच, चाचाही तेच, फक्त आता जिना चढायला त्यांना हात धरावा लागतो. "कंडक्टर साब नईं आए?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. चाचांनी फळीवरच्या पोपटी गठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बैठो बेटी."

तासाभरात तिथेही पेटलं. नांदूरघाटच्या मोठ्या सुनेला, म्हणजे नणंदेच्या होणाऱ्या जाऊबाईंना, साडीचा काठ बारीक वाटला. आमच्या सासूबाईंनी त्यांच्या खानदानाचं माप काढलं. नणंद पदराचं टोक चावत बसली होती. हा मुलगा तिला मनापासून आवडलेला आहे हे मला माहीत होतं, रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीतला फोन चालू असतो. तिकडचे सासरे सदऱ्याची घडी सारखी करायला लागले. उठायच्या आधी माणूस सदरा सारखा करतो.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फळीवरचा गठ्ठा त्यांनी कधीच खाली काढून माझ्या पुढ्यात ठेवला होता. रंग आणखी उडाला होता, पण पोपटी तो पोपटीच.

"बहू," चाचा म्हणाले, "पानी पियोगी?"

"हौ," मी म्हणाले. "आणि हाच गठ्ठा बांधा. सगळ्यांना ह्याच साड्या. मी पसंत केल्यात."

सासूबाई दहाव्याला नव्हत्या आणि सासऱ्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. तीच पोपटी पुन्हा पाहून सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझी अक्कल काढली. नांदूरघाटच्या जाऊबाई त्यांच्या मदतीला धावल्या. मोठ्या लोकांत हिला बोलायचा अधिकार कोणी दिला, असं दोन्हीकडून विचारलं गेलं, आणि मला खाली पाठवण्यात आलं.

मी त्याच पायरीवर जाऊन बसले. जरा वेळाने नवरा चहा घेऊन आला. सोबत बिस्किटं.

"वर सगळे तुला शिव्या देतायत," तो म्हणाला.

"कोणाकडचे?"

"दोन्हीकडचे. मिळून."

मी बिस्कीट घेतलं आणि निम्म्याहून जास्त बुडवलं. जरा जास्तच धरलं असेल. ते तुटून कपात पडलं.

आता डोळ्यातलं पाणी खाली येऊ नये म्हणून मी मान वर केली. समोर चारमिनार होता, अख्खा, चारी मिनार. किती सुंदर आहे तो. मी बघतच राहिले असणार, कारण कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलेलं मला कळलंही नाही. हातावर लाखेच्या बांगड्यांची चळत घेतलेला एक माणूस.

"पहली बार आए क्या मॅडम हैदराबाद कू?"

मी हो म्हणाले. त्याने भाव सांगितला. बरोबर दुप्पट होता. मी घासाघीस न करता बांगड्या घेतल्या.